मदत हवी आहे: घटस्फोटाचा अर्ज करण्याआधी स्वतःची तयारी कुठून सुरू करू?

नमस्कार. आयडी नवा आहे, कारण जुना आयडी नवऱ्याला माहीत आहे.

लग्नाला १३ वर्षं झाली, मुलगा ९ वर्षांचा. मारहाण नाही, व्यसन नाही, तिसरं कुणी नाही. दोन वर्षं समुपदेशन झालं, त्यातलं शेवटचं वर्ष मी एकटीच जात होते. त्यामुळे 'करू की नको' हे विचारत नाहीये, ते माझ्यापुरतं ठरलंय. अडलंय पुढे. वकिलाकडे जाण्याआधी माझ्या हातात काय काय असायला हवं?

प्रश्न कसा पडला ते सांगते. गेल्या आठवड्यात दुपारी घरात कुणी नसताना कागदांची फाइल काढली. मी नोकरी करते, कामही आकडेमोडीचंच. आणि आमच्या गृहकर्जाचे किती हप्ते राहिलेत हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. जॉइंट खात्याचा ओटीपी त्याच्या फोनवर जातो. विमा किती रकमेचा, नॉमिनी कोण, पत्ता नाही. इतकी वर्षं 'तो बघतो' यावर निभावलं.

घाईघाईत फोटो काढले, तर निम्म्या पानांवर माझ्याच हाताची सावली. वर कहर म्हणजे संध्याकाळी मुलगा टॅब घेऊन आला, "आई, हे कसले कागद?" घरातल्या सगळ्या यंत्रांवर एकच खातं आहे, फोटो आपोआप तिकडे पोचले होते. "विमा भरायचाय," म्हणाले आणि फोटो पुसून टाकले. त्याच्याशी खोटं बोलले ते अजून टोचतंय.

तर: कागद कोणते जमवू? जॉइंट खात्यातल्या पैशांना हात लावू का? नवऱ्याला सांगायचं कधी? आणि हे मनात ठेवून एकाच घरात रोजचं वागायचं कसं?

गोगलगाय:
ताई, फोटोंचं आधी निस्तरा. नवा ईमेल काढा आणि तो घरातल्या कुठल्याही यंत्रावर उघडू नका. पासवर्ड विसरल्यावर जो नंबर विचारतात तो तुमचाच द्या. लोकेशन, कॅलेंडर, ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड, सगळं तपासा. मी शहाण्यासारखी वकिलाची वेळ कॅलेंडरमध्ये टाकली होती. आदल्या दिवशी ती बायकोच्या फोनवर वाजली. जे सहा महिन्यांनी शांतपणे बोलायचं होतं ते त्या रात्री जिन्यात उभं राहून बोललो.

दुसरं, पैसे. वकिलाने मला पहिलाच प्रश्न विचारला, "महिन्याला तुम्हाला किती लागतात?" मी अंदाजाने आकडा सांगितला. नंतर तीन महिने रोजचा खर्च वहीत लिहिला तर दीडपट निघाला. शाळेची फी, विम्याचा हप्ता, गाडीची दुरुस्ती, ही वर्षातून एकदा उगवणारी मंडळी आपण धरतच नाही. त्यांची बेरीज करून बाराने भागा आणि महिन्यात मिळवा. पोटगीची बोलणी असोत की एकटीने घर चालवायचं असो, त्या वहीइतकं कामाचं मला काही सापडलं नाही.

कर्जाचंही नीट समजून घ्या. 'हप्ते तो भरेल' असं तुमच्या दोघांत ठरलं, कागदावर आलं, तरी कर्जावर दोघांच्या सह्या असतील तर बँकेच्या लेखी कर्जदार दोघंही. बँक तुमच्या समझोत्यात नव्हती. त्याने हप्ता चुकवला की फोन तुम्हाला येणार. मला आला होता.

भीड_नको:
संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच. मुलाकडे बघून जुळवून घ्या.

धागाकर्ती:
दोन वर्षं तेच केलं. धाग्याचा विषय वेगळा आहे.

कच्चा_मसुदा:
मी वकील आहे, पण तुमची नाही, आणि कायदा जागेप्रमाणे बदलतो. म्हणून कुठेही लागू पडेल तेवढंच सांगते.

जॉइंट खातं रिकामं करू नका, दागिने कुणाकडे लपवायला देऊ नका. मिळकत दोघांनाही उघड करावी लागते, आणि लपवलेलं सापडलं की तुमच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो. स्वतःच्या नावाचं वेगळं खातं उघडून पगार तिकडे वळवायचा असेल तर वळवा, पण ते लपवून ठेवू नका आणि घरखर्चातला तुमचा वाटा थांबवू नका. नवऱ्याचा फोन, त्याचा ईमेल उघडू नका, पासवर्ड माहीत असला तरी. रागाच्या भरात घर सोडू नका. सोडायचंच असेल तर आधी तुमच्या वकिलाला विचारा, कारण मुलाच्या ताब्यावर आणि घरातल्या हक्कावर त्याचा परिणाम होऊ शकतो. आणि 'नुसती सही कर, बाकी मी बघतो' असा कागद पुढे आला तर सही नाही.

कागद: लग्नाचं प्रमाणपत्र, मुलाचा जन्मदाखला, दोघांच्या उत्पन्नाचे पुरावे, गेल्या काही वर्षांची आयकर विवरणपत्रं, खात्यांची स्टेटमेंट्स, घराचे आणि कर्जाचे कागद, विमा, लग्नाआधीपासून तुमचं असलेलं जे काही असेल त्याच्या पावत्या. मूळ प्रती जागच्या जागी राहू देत, आपल्याला नकला पुरतात.

एक गोष्ट मात्र तुमच्या लिहिण्यात खटकली. ज्या खात्यावर, कर्जावर तुमचं नाव आहे त्याचे कागद चोरून कशाला काढताय? ते तुमचेही आहेत. सरळ बँकेत जाऊन मागा.

भेटीला जाताना एका पानावर तारखांसकट घटनाक्रम लिहून न्या. लोक तासाभराच्या भेटीत पन्नास मिनिटं सासूबद्दल सांगतात आणि घर कुणाच्या नावावर आहे ते दारात उठताना. सांगायचं कधी, हे त्या भेटीनंतर ठरवा. पण कोर्टाची नोटीस हातात पडल्यावर त्याला कळावं असं शक्यतो होऊ देऊ नका. तिथून सुरू झालेलं प्रकरण सामोपचाराने मिटणं फार अवघड जातं.

हे सगळं घरात भीती नसेल तर. ज्यांना नवऱ्याची किंवा बायकोची भीती वाटते त्यांनी हा क्रम विसरा. आधी सुरक्षित जागा, मग कागद.

ओसरी:
होम्स आणि राही या दोन मनोविकारतज्ज्ञांनी १९६७ साली ४३ घटनांची एक यादी केली, कुठल्या घटनेनंतर माणसाला स्वतःची घडी किती नव्याने बसवावी लागते याची. जोडीदाराच्या मृत्यूला १००, घटस्फोटाला ७३, विभक्त होण्याला ६५. गंमत म्हणजे त्या यादीत घर बदलणं, झोपेच्या वेळा बदलणं, आर्थिक परिस्थिती बदलणं यांनाही वेगळे गुण आहेत, आणि घटस्फोटात ही सगळी वऱ्हाडासारखी मागोमाग येतात. म्हणून या वर्षात हातचं राखून जगा. नवी नोकरी, मोठी खरेदी ढकलता आली तर ढकला.

एका घरात कसं वागायचं? खोटी आपुलकी दाखवू नका. नंतर त्याला तीच सगळ्यात जास्त लागेल. कामापुरतं, पण नीट बोला. सगळं माहीत असलेलं एकच माणूस ठेवा, पाच नको. पाच जणांना सांगितलं की पाच मतं सांभाळायची आणि सहावी बातमी घरी पोचलेली.

मुलाला आत्ता काही सांगू नका. तो कुठे राहणार, शाळा तीच का, आईबाबांपैकी जे सोबत नसेल ते कधी भेटणार, हे ठरल्यावर दोघांनी मिळून सांगा. मुलं कारणं विचारत नाहीत फारशी, स्वतःच्या खोलीचं काय ते विचारतात. 'यात तुझी काही चूक नाही' हे मात्र त्याने विचारण्याआधी सांगा, आणि एकदा सांगून भागत नाही.

धागाकर्ती (१६ दिवसांनी):
सगळ्यांचे आभार. कच्चा_मसुदा, तुमचं ते वाक्य लागलं, पण उपयोगी पडलं. जेवणाच्या सुट्टीत बँकेत गेले, खात्याचं आणि कर्जाचं स्टेटमेंट मागितलं. ओळखपत्र, एक सही, दहा मिनिटं. १३ वर्षांत मी ते कधी मागितलंच नव्हतं. खात्याला माझा नंबरही जोडून घेतला.

वही सुरू केलीय. गोगलगाय, माझा अंदाज दीडपटीने नाही, पण बराच चुकला.

मुलाला म्हटलं, ते कागद विम्याचे नव्हते, घराचे होते, मी चुकीचं सांगितलं. "बरं," म्हणाला आणि गेमसाठी टॅब मागितला.

वकिलाची वेळ गुरुवारची आहे, कुठल्याच कॅलेंडरमध्ये टाकलेली नाही. घटनाक्रम दीड पानावर आलाय, अजून कापतेय. आणि हप्ते ७६ राहिलेत.