दोन साखर कारखान्यांत किमान २५ किमी अंतराची सरकारी अट काढली तर उसाला खरंच जास्त भाव मिळेल का?

गोदाकाठचा_ऊसवाला

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतो. मी बीड जिल्ह्यातला, ४ एकर ऊस. गावाजवळ कारखाना एकच, दुसरा जवळपास ४० किमीवर. या हंगामात (२०२५-२६) तोडणी-वाहतूक वजा जाऊन टनाला २६५० पडले, १४ दिवसांत बिल द्यायचा नियम आहे म्हणे, आमच्याकडं दीड महिना लागला. आणि मावसभाऊ शिरोळला, त्याला ३३०० आणि वर दोन-तीन कारखान्यांचे चिटबॉय (ऊस नोंदवणारे शेतकी कर्मचारी) घरी येऊन चहा पिऊन जातात, ऊस आम्हालाच द्या म्हणून! आमच्या चिटबॉयला फोन केला तर उचलत नाही.

एका गावात तीन डेअऱ्या चालतात, चार मोबाईल कंपन्या चालतात, मग कारखान्यालाच ही लक्ष्मणरेषा का? अट काढली, दोन कारखाने अजून आले की आपोआप दर वाढेल ना? का माझंच काहीतरी चुकतंय?

पंचगंगेकाठी

भावा, तुझ्या मावसभावाच्या तालुक्याशेजारीच आहे मी. चिटबॉय चहाला येतो हे खरं हाय. पण दर स्पर्धेनं मिळतो असं समजू नकोस. इकडं कारखाने जुने, अट यायच्या आधीपासूनचे, त्यामुळं दहा-बारा किमीवर दुसरी चिमणी दिसते. तरी दर वर्षी हंगामाच्या तोंडाला जयसिंगपूरला शेतकरी संघटनेची ऊस परिषद भरते, मग चक्काजाम, ट्रॅक्टरची हवा सोडणं, मग कुठं आकडा फुटतो. आणि फुटला की सगळ्यांचा जवळपास सारखाच, पन्नास-शंभरचा फरक. याला स्पर्धा म्हणायची का तुम्हीच सांगा.

खरी स्पर्धा सीमेवर. कर्नाटकातले कारखाने आधी धुराडी पेटवतात आणि आपला ऊस उचलतात. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं परराज्यात ऊस न्यायला बंदी घातली होती, बोंबाबोंब झाली आणि थोड्याच दिवसांत मागं घ्यावी लागली. स्पर्धेची भीती नेमकी कुणाला वाटते ते त्या वेळी कळलं.

निवृत्त_शेतकी

मी एका सहकारी कारखान्याच्या शेतकी खात्यात बरीच वर्षं काढली, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी तुमचा हिशोब करू. २०२५-२६ ची एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला किमान ऊसदर, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेला) टनाला ३५५० रुपये. त्यावर उतारा ०.१ ने वाढला की टनाला ३४ रुपये ६० पैसे जास्त. तुमच्याकडं सव्वादहा आणि कोल्हापूर पट्ट्यात सव्वाबारा उतारा धरा, म्हणजे दोन टक्के जास्त, म्हणजे ६९२ रुपये झाले. तुमच्यात आणि मावसभावात फरक ६५० चा. म्हणजे जवळजवळ सगळा फरक माती, हवामान आणि उताऱ्याचा निघाला, स्पर्धेचा नाही. (तुमच्या कारखान्यानं उतारा प्रामाणिकपणे दाखवला असं धरून. वजनकाट्याबद्दल मी बोलत नाही, माझी पेन्शन तरी शांततेत खाऊ द्या.)

आता अंतर. केंद्राच्या १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात २००६ साली १५ किमीची अट आली, आपल्या राज्यानं ती २५ केली, तेही हवाई अंतर. २०१२ मध्ये रंगराजन समितीनं ही अट काढा असं सांगितलं, सोबत लेव्ही साखर (रेशनसाठी सरकारला स्वस्तात द्यावी लागणारी) बंद करा असंही सांगितलं. लेव्ही २०१३ ला गेली, अंतर आपलं तिथंच.

कारण सांगतात ते असं की कारखाना दीडशे दिवस तरी चालला पाहिजे. आज राज्यात दोनशेच्या आसपास कारखाने गाळप करतात आणि प्रत्येकानं गाळप क्षमता वाढवून ठेवलीय, त्यामुळे पाऊस कमी झाला की तीन महिन्यांत पट्टा पडतो, म्हणजे गाळप संपतं. मग काय होतं? सगळे ऊस शोधत ६०-७० किमी लांब जातात. आता गंमत बघा, तोडणी-वाहतूक कापतात ती सरासरीनं. म्हणजे कारखान्याच्या भिंतीला लागून ज्याचं रान आहे तोही त्या सत्तर किमीवरच्या उसाचं डिझेल भरतो. स्पर्धा कारखान्यांची, बिल जवळच्या सभासदाच्या माथी. माझ्या अख्ख्या नोकरीत हे कुठल्या वार्षिक सभेत कुणी विचारलं नाही, सगळे सभासदांच्या स्वस्त साखरेच्या कोट्यावरून भांडत बसायचे.

आणि स्पर्धा एका बाजूलाच आहे हेही लक्षात घ्या. ऊस घेताना ओढाओढ, पण साखर विकायला दर महिन्याचा कोटा दिल्लीहून येतो.

गोदाकाठचा_ऊसवाला

काका ते सरासरीचं माहीतच नव्हतं! आमचं रान कारखान्यापासून ५ किमीवर आहे 😡

जालन्याची_सून

दादा, तुम्ही २०२२ विसरलात का? २०२१-२२ ला ऊस इतका होता की मे संपला तरी आमच्याकडं उभा. तुरे आले, पोकळ झाला, जूनमध्ये पाऊस तोंडावर. तेव्हा कारखाना एक असो का चार, स्पर्धा आपापसात लागली होती, कुणाचा ऊस आधी तुटतो याची. माझे सासरे रोज सकाळी कारखान्याच्या गटऑफिसला जाऊन बसायचे, जसं काही नोकरीच लागली. शेवटी तोडणीची टोळी आली तर मुकादमानं एकरी खुशाली (वरचे पैसे) मागितली, ट्रॅक्टर ड्रायव्हरची एन्ट्री, म्हणजे त्याचे पैसे, वेगळी, वर त्यांना जेवण. दिले. काय करणार.

म्हणून मला वाटतं कारखाने मोजून उपयोग नाही, कोयते, म्हणजे तोडणी मजूर, मोजा. टोळ्या तेवढ्याच आहेत आणि आपल्याच बीडकडून सगळीकडं जातात, उचल (आगाऊ पैसे) जो जास्त देईल त्याच्याकडं. जानेवारी २०२४ ला तोडणी दर ३४ टक्क्यांनी वाढला, ती माणसं मरमर राबतात, वाढायलाच पाहिजे होता, पण तोही आपल्याच बिलातून कापला जातो. तुमच्या गावात उद्या नवीन कारखाना उभा राहिला आणि त्याच्याकडं टोळ्याच नसल्या तर तो नुसतं नोंद घेऊन ठेवेल. आणि डेअरीचं उदाहरण इथं चालत नाही, दूध आपण कॅन घेऊन स्वतः नेतो, ऊस स्वतः तोडून नेणारा किती जण आहेत? तोडला की चोवीस तासांत कारखान्याच्या गव्हाणीत पडला पाहिजे, नाहीतर वजन पण जातं आणि उतारा पण.

पंचगंगेकाठी

वहिनींशी सहमत, तरी अट काढाच म्हणतो मी. निदान ज्याला कारखाना काढायचाय त्याला काढू दे, बुडाला तर बुडाला.

निवृत्त_शेतकी

बुडाला की बँक बुडते हो, आणि बँकेत ठेवी आपल्याच. शिवाय सहकारी बुडाला की त्याच्याबरोबर तालुक्याचं कॉलेज, दवाखाना, पाणीयोजना पण डळमळतात, ते सगळं टनामागच्या कपातीतून उभं राहिलंय. खासगीवाला कपात करत नाही म्हणून त्याचा दर चार पैसे जास्त दिसतो. ती कपात योग्य होती का, हा वेगळा वाद, माझं स्वतःचं मत दर पाच वर्षांनी बदलतं.

गोदाकाठवाले, तुम्ही सभासद आहात का? नसाल तर ४० किमीवाल्याकडंही खोडव्याची (तोडलेल्या उसाच्या पुढच्या फुटव्याची) नोंद देऊन ठेवा. सभासद असाल तर आधी कारखान्याचे उपविधी (नियम) वाचा, ऊस घालायचं बंधन असतं.

गोदाकाठचा_ऊसवाला

शेअर वडलांच्या नावावर आहे, वारसनोंद अजून केलेली नाही. म्हणजे सभासद मी आहे का नाही हेच मला माहीत नाही 😅 उद्या दुसऱ्या कारखान्याच्या गटऑफिसला चक्कर मारतो, चहा मीच पाजतो. आणि सरासरीचं सभेत विचारणार आहे, बोलू दिलं तर.

जालन्याची_सून

सभेला लवकर जा. माईक पुढच्या दोन रांगांच्या पलीकडं येत नाही.