चारशे रुपयांचा वस्तरा पारखायचा कसा?

ब्लेड बदलायचा नव्हे, अखंड पात्याचा वस्तरा ऑनलाइन मागवलाय. परत करायच्या मुदतीत काय काय तपासू?

— सपाट काचेवर आडवा ठेवा. पाठ आणि धार दोन्ही लांबीभर टेकल्या पाहिजेत. डुगडुगला तर पातं पिळलंय. सरळ परत करा.

— पाठीची जाडीही मोजा. १९ मिमी रुंद पात्याला ५ ते ५.५ मिमी हवी, म्हणजे धारेचा कोन १६ अंशांच्या आसपास येतो. ३ मिमीच असेल तर कोन ९ अंशांवर येतो नि धार झडते. मिटताना धार मुठीला घासतेय का, तेही बघा.

— धारेला मार्कर फासून धार लावायच्या १००० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दगडाच्या बारीकपणाचा आकडा) दगडावर दोन हलके हात मारा. शाई उरेल तिथं दगड लागत नाहीये. (ओरखडे उठले की विक्रेता परत घेईलच असं नाही, म्हणून हे शेवटी!)