‘रक्कम वळवली’ फार सौम्य, ‘लाटली’ फार कडक. मधलं काय?

अक्षरमाला:
एका संस्थेच्या चौकशी अहवालाचा मराठी अनुवाद करतेय. मूळ इंग्रजीत ‘सायफन’ हेच क्रियापद तीन ठिकाणी आलंय. एकदा टाकीतलं डिझेल नळीने काढून घेतलं म्हणून, एकदा संस्थेचा पैसा दुसऱ्याच कंपन्यांकडे गेला म्हणून, आणि एकदा नव्या शाखेने जुन्या शाखेचे सभासद आपल्याकडे घेतले म्हणून. तिन्हीकडे ‘वळवणे’ घालून पाहिलं. डिझेलला ते लागूच पडत नाही. पैशाला लागू पडतं, पण रस्त्याच्या कामासाठी वाहतूक वळवावी इतकं साधं वाटतं. ‘लाटले’, ‘हडपले’ लिहावं तर अहवालाचा मथळा होतो, आणि चौकशी अजून चालू आहे. निकालाआधी कुणाला चोर ठरवणारा शब्द माझ्या हातून जायला नको. तुम्ही काय लिहाल?

जमाखर्च:
माझी नोकरी सहकारी संस्थांची दप्तरं तपासण्यात गेली, म्हणून पैशाच्या वाक्याबद्दल सांगतो.

‘वळवणे’ सौम्य आहे ते बरंच आहे. निधी वळवणं रीतसरही असतं. अर्थसंकल्पात एका शीर्षाखालची तरतूद मंजुरी घेऊन दुसऱ्या शीर्षाखाली नेतात, त्याला पुनर्विनियोजन म्हणतात. त्यात गैर काही नाही. गैर काय ते सांगणारा शब्द क्रियापदाच्या आधी येतो: परस्पर. ‘रक्कम वळवली’ आणि ‘रक्कम परस्पर वळवली’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा. ज्याला विचारायला हवं होतं त्याला विचारलं नाही, ज्याच्या हातून जायला हवी होती त्याला वगळून गेली, एवढं सगळं त्या चार अक्षरांत येतं. तरी कुणाला चोर म्हटलेलं नसतं.

रोजकीर्दीत हे कसं दिसतं ते सांगतो. एका सभासदाच्या नावे कर्जवाटपाची नोंद असते. त्याच तारखेला तेवढीच रक्कम भलत्याच खात्यात जमा असते. मध्ये सभासदाची पावती नाही, सहीचा पत्ता नाही. त्या बिचाऱ्याच्या हाती दमडी पडलेली नसते आणि थकबाकीची नोटीस मात्र त्याच्याच दारी जाते. अशा वेळी मी लिहीत असे, ‘कर्जाची रक्कम सभासदास अदा न करता परस्पर अन्य खात्यात वळविल्याचे दिसून येते.’ ‘दिसून येते’ गाळायचं नाही. आपण दप्तर पाहिलंय, माणसाच्या मनात डोकावलेलो नाही.

एका गोष्टीला मात्र फार जपा. ‘वळवणे’ वेगळं आणि ‘वळती करणे’ वेगळं. ठेवीतून थकबाकी वळती केली, पगारातून हप्ता वळता केला, म्हणजे येणं होतं ते कापून घेतलं. ती हक्काची कपात. अहवालात चुकून ‘रक्कम वळती केली’ पडलं तर आरोपाच्या जागी खुलासा छापला जाईल.

‘अपहार’ हा कायद्याचा शब्द आहे, तो हौसेने वापरू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत मालमत्तेच्या अप्रामाणिक अपहाराला स्वतंत्र कलम आहे, ३१४. मूळ मजकुरात तसा आरोप असेल तरच लिहा. ‘उकळले’ इथे चालणार नाही, कारण उकळायला समोर देणारा लागतो आणि त्याला आपण देतोय हे कळत असतं. इथे तर कुणाला पत्ताच नव्हता.

पाटकरी:
डिझेलचं मी बोलतो. ‘उपसलं’ लिहू नका. उपसायला जोर लागतो. मोट, पंप नाहीतर हातात बादली. उपसा सिंचन म्हणतात ते त्यामुळेच. सायफनला तसं नाही. नळी एकदा पूर्ण भरली आणि बाहेरचं तोंड आतल्या पातळीच्या खाली राहिलं, की टाकीच्या काठावरून चढून ते आपलं आपण वाहत राहतं. कालव्याच्या भरावावरून पाइप टाकून पाणी घेतात तेही असंच. पाण्याच्या बाबतीत काठाची ही चढण कशीबशी दहा मीटरपर्यंत जमते. तिथवर हवेचा दाब साथ देतो, त्यापुढे नाही. म्हणून सरळ ‘नळी लावून डिझेल काढून घेतलं’ लिहा, वाचणाऱ्याला चित्र दिसेल.

वळवायला वाहतं काहीतरी लागतं. टाकीतलं डिझेल उभं आहे, ते काय वळवणार? पाटाचं पाणी वाहतं असतं. एक वाफा भरला की खोऱ्याने दारं मोडायचं, तीच माती पहिल्या तोंडाशी लावायची, पाणी पुढच्या वाफ्यात वळतं. मोठ्या मापावर कोयनेचंही तेच. नदी पूर्वेला वाहणारी, पण तिचं पाणी वीज करून पश्चिमेला वाशिष्ठीत सोडतात. त्याला पाणी वळवणं म्हणतात. ‘पळवणं’ म्हणणारा कोणत्या काठाचा आहे ते तिथल्या तिथे कळतं. तुमच्या अहवालाला कुठलाच काठ नको, त्यामुळे ‘पळवले’ पैशालाही नको.

ओळखीची_ओळ:
सभासदांच्या वाक्याकडे कुणी पाहिलंच नाही! तिथे ‘वळवणे’ अगदी चपखल आहे. मन वळवतो, मतं वळवतो, तसे सभासद आपल्याकडे वळवले. ‘फोडले’ लिहिलंत तर आमिष दाखवल्याचा वास येतो आणि ‘पळवले’त सभासदांना स्वतःची मर्जीच उरत नाही. ते आपल्या पायांनी गेले असतील तर तेवढा मान त्यांना द्यायला हवा.

अक्षरमाला:
मनापासून आभार. आता असं केलंय:

‘टाकीतील डिझेल नळी लावून काढून घेण्यात आले.’
‘संस्थेची रक्कम संचालक मंडळाच्या मंजुरीविना परस्पर अन्य कंपन्यांकडे वळविल्याचे दिसून येते.’
‘नव्या शाखेने जुन्या शाखेचे सभासद आपल्याकडे वळविले.’

जमाखर्च:
दुसऱ्या वाक्यात ‘मंजुरीविना’ आणि ‘परस्पर’ दोन्ही लागतील का ते मूळ पाहून ठरवा. मंजुरी नव्हती असं मूळ अहवाल स्पष्ट म्हणत असेल तर दोन्ही राहू द्या. तो तसं म्हणत नसेल तर ‘मंजुरीविना’ काढा, ती भर तुमची होईल. आणि कंपन्यांची नावं परिशिष्टात असतील तर ‘अन्य’च्या जागी ‘परिशिष्टात नमूद’ घाला.