शब्दचर्चा: ‘विक्लोरीकरण’, ‘विघटन’ की आणखी काही?

प्रश्न
सांडपाणी शुद्धीकरणावरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. ऑक्सिजन नसलेल्या टाकीतले जिवाणू टेट्राक्लोरोइथिलीन या ड्रायक्लीनिंगच्या द्रवातला क्लोरीन काढतात, त्या ‘रिडक्टिव्ह डीक्लोरिनेशन’ला मी ‘विक्लोरीकरण’ लिहिलं. संपादक म्हणतात, सरळ ‘जैविक विघटन’ लिहा, लोकांना कळतं. काय ठेवू?

उत्तर
नुसतं ‘विक्लोरीकरण’ नको. पाणीपुरवठ्यातला माणूस त्याचा अर्थ नळाच्या पाण्यात उरलेला क्लोरीन घालवणं असाच घेईल. मासे पाळणारे सोडियम थायोसल्फेट टाकून करतात ते. तिथे क्लोरीन पाण्यात मोकळा असतो. तुमच्या लेखातला कार्बनला चिकटून बसलेला आहे, तो थायोसल्फेटला दाद देणार नाही. ‘क्षपणी विक्लोरीकरण’ लिहा. ऑक्सिडीकरण-क्षपण (ऑक्सिडेशन-रिडक्शन) ही जोडी शाळेच्या पुस्तकात आहेच, त्यामुळे शब्द अगदीच परका नाही.

उत्तर
‘क्षपणी’ला अनुमोदन. संपादकांच्या ‘विघटना’ला मात्र माझा ठाम विरोध, आणि तो केवळ भाषेपुरता नाही. विघटन झालं म्हटलं की वाचक सुटकेचा निःश्वास टाकतो. इथे घडतं काय? रेणूवर चार क्लोरीन असतात. एकेका पायरीला एक जातो, त्या जागी हायड्रोजन येतो. चाराचे तीन (ट्रायक्लोरोइथिलीन), तिनाचे दोन, दोनाचा एक. हा एक उरलेला म्हणजे व्हिनाइल क्लोराइड, पीव्हीसीचा कच्चा माल आणि माणसात कर्करोग करणारा म्हणून सिद्ध झालेला पदार्थ. पुष्कळदा गाडी दोनावर नाहीतर एकावर अडते. मूळ प्रदूषक संपलं, अहवाल छान दिसतो आणि पाणी आधीपेक्षा घातक! शेवटचा क्लोरीनही गेला तर हाती राहतं साधं इथिलीन, म्हणजे केळी पिकवणारा वायू. त्यामुळे ‘विघटन’ वापरायचंच तर कुठवर झालं तेही लिहा.

प्रश्नकर्ती
हे लक्षात आलं नव्हतं. लेखात पुढे ‘जिवाणू हे प्रदूषक खातात’ असंही आहे. ते चालेल ना?

उत्तर
नाही चालणार. अमेरिकेत इथाका गावच्या सांडपाणी केंद्रातल्या गाळापासून कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी एक जिवाणू वेगळा केला, 1997 साली त्यावर शोधनिबंध आला. आज त्याला डिहॅलोकोकॉइड्स मॅकार्टी म्हणतात. शरीर बांधायला कार्बन तो ॲसिटेटमधून घेतो, ऊर्जेसाठी इलेक्ट्रॉन हायड्रोजनकडून. हे इलेक्ट्रॉन टाकायला आपल्याला ऑक्सिजन लागतो, त्याला क्लोरीनवाला रेणू लागतो. म्हणजे हे त्याचं श्वसन झालं, जेवण नव्हे. हायड्रोजनही त्याला शेजारच्या किण्वन करणाऱ्या जिवाणूंकडून मिळतो, आणि त्यावर मिथेन बनवणाऱ्यांचाही डोळा असतो.

उत्तर
मग ‘क्लोरीनश्वसन’ म्हणावं का?

उत्तर
नको हो, क्लोरीन वायू हुंगतात असं वाटेल! ‘क्लोरीनयुक्त संयुगांवर श्वसन’ लांबलचक आहे खरं, पण एकदा लिहून पुढे नुसतं ‘हे श्वसन’ म्हटलं की भागतं.

उत्तर
थोडं अवांतर. मी ईटीपीवर, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर काम करतो. आमच्याकडे ऑक्सिजन नसलेल्या टाकीला कुणी ‘अवायवी’ म्हणत नाही, ‘ॲनेरोबिक टाकी’ आणि गाळाला ‘स्लज’ एवढंच. तरी छापायचं असेल तर ‘अवायवी’च ठेवा, ‘विनॉक्सी’ नको. ‘अनॉक्सिक’ टाकी आमच्याकडे वेगळी असते: तिच्यात मोकळा ऑक्सिजन नसतो, पण नायट्रेट असतं. ॲनेरोबिकमध्ये दोन्ही नसतात. ‘विनॉक्सी’ वाचून आमचा ऑपरेटर नेमका भलत्या टाकीपाशी जाईल.

प्रश्नकर्ती
आभार सगळ्यांचे. मथळ्यात ‘अवायवी टाकीतले क्षपणी विक्लोरीकरण’ टाकते आणि पायऱ्यांचा तक्ता व्हिनाइल क्लोराइडसकट देते. संपादकांना ‘क्षपणी’ जड वाटलं तर एकवेळ ‘रिडक्टिव्ह’ ठेवीन, पण ‘खातात’ काढतेच.