लाल नसलेला ‘लाल चट्टा’

ओवी: ल्युपसच्या (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते, त्या आजाराच्या) रुग्णांसाठीचं माहितीपत्रक इंग्रजीतून मराठीत करतेय. मूळ मजकुरात नाकावर आणि दोन्ही गालांवर फुलपाखरासारखा लाल चट्टा, असं वर्णन आहे. तसंच लिहून मावशीला वाचायला दिलं. तिला हाच आजार आहे. म्हणाली, “माझा लाल कुठे होता? काळपट-जांभळा होता. सगळे वांगच म्हणायचे.” त्या वांगापायी वर्षभर नुसते लेप लावले. सावळ्या बाईला आरशात बघून ओळखता येईल असा शब्द हवा.

शब्दवेल्हाळ: ‘रक्तिमा’ घ्या. आपल्या भाषेत आहे, तर वापरू या.

ओवी: पण रक्तिमा वाचूनही ती लालच शोधेल ना?

सातारकर: आमची आजी ‘चेहरा काळवंडलाय’ म्हणायची. ‘काळवंडलेला चट्टा’ लिहा. ‘पुरळ’ नको, त्यात बारीक पुटकुळ्या आल्या. ‘गांधी’ तर नकोच. त्या पित्ताच्या, थोड्या वेळात जिरतात.

निशिगंध: लंडनमध्ये किडनीच्या वॉर्डात नर्स आहे. आम्ही शिकलो ती चित्रं गोऱ्या गालांची. प्रत्यक्षात हा आजार इथे आफ्रिकन-कॅरिबियन आणि आपल्याकडच्या बायकांत गोऱ्यांपेक्षा जास्त, आणि मूत्रपिंडंही त्यांचीच जास्त बिघडतात. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांत तो गोऱ्या स्त्रियांच्या दोन-तीन पट दिसतो. म्हणून रंगावर अडू नका. ‘लघवीला फेस, पायांवर सूज’ ही ओळ चट्ट्याच्याही आधी घ्या, कळकळीने सांगते. आणि एक खूण लिहा: नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी हा चट्टा बहुधा सोडतो. उन्हाने उफाळतो.

शब्दवेल्हाळ: ‘उफाळतो’ उत्तम! ‘फ्लेअर’ला मी ‘प्रकोप’ म्हणत होतो, तो मागे घेतो. रक्तिमा मात्र नाही.

सातारकर: ‘वांग’ का टाळायचा पण? वांग्याच्या रंगावरूनच आलाय, जांभळा-काळा.

शब्दवेल्हाळ: वांग्याचा काही संबंध नाही. आयुर्वेदात चेहऱ्यावरच्या काळ्या डागांना ‘व्यंग’ म्हणतात, त्याचं वांग झालं.

सातारकर: मग तर नकोच. डागाला व्यंग म्हणायचं, तेही बाईच्या चेहऱ्यावरच्या?

ओवी: मावशी ‘जांभळट’ला हो म्हणाली. पण तिच्याहून उजळ बाईचं काय? दोन्ही रंग लिहू का?

केवडा: मध्येच विचारते, ‘वांग आला’ की ‘वांग आलं’? आमच्या घरी दोन्ही चालतं.

सातारकर: आलं. आमच्याकडे कायम ‘आलं’च.

शब्दवेल्हाळ: पुल्लिंगी आहे. ‘वांग आला’.