मदत हवी आहे: शाळेत सीटसाठी भरलेले पैसे परत मिळू शकतात का? (खारघर)

वर्तकनगरची:

नमस्कार मंडळी,

प्रश्न पैशांचा आहे आणि थोडा लाजेचाही, कारण ज्या कागदामुळे अडकलोय त्यावर सही माझीच आहे.

आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. खारघरला फ्लॅट घेतलाय. ताबा मार्चमध्ये मिळणार होता, म्हणून मुलीचं पाचवीचं ॲडमिशन तिकडच्या एका सीबीएसई शाळेत करायचं ठरवलं (नाव मुद्दाम घेत नाही). नोव्हेंबरमध्ये शाळा बघायला गेलो. काचेच्या केबिनमध्ये काउन्सेलर मुलगी, टेबलावर चॉकलेटची वाटी, मुलीच्या हातात लगेच शाळेचा फुगा. "मॅम, फिफ्थला दोनच सीट्स राहिल्यात, आज कन्फर्म केलंत तर मी होल्ड करते." घरी पोचेपर्यंत व्हॉट्सॲपवर तिचे तीन मेसेज. नवरा म्हणाला दोन दिवस थांबू. मी म्हटलं, आणि गेली सीट तर एप्रिलमध्ये मुलीला घेऊन दारोदार कोण फिरणार? त्याच रात्री पैसे भरले. १,५०० फॉर्मचे, २५,००० अनामत, ५०,००० एनरोलमेंटचे. एकूण ७६,५००.

फेब्रुवारीत बिल्डरचं पत्र आलं की ताबा आता डिसेंबरमध्ये. (त्यावर वेगळा धागा काढणार आहे, महारेराचा, म्हणजे बिल्डरविरुद्ध तक्रार घेणाऱ्या प्राधिकरणाचा, अनुभव असलेल्यांनी तिकडे या.) वर्तकनगरहून खारघर म्हणजे दहा वर्षांच्या मुलीने रोज रिक्षाने ठाणे स्टेशन, मग पनवेल लोकल, मग परत रिक्षा. शाळेची बस ऐरोलीच्या अलीकडे येत नाही. शक्यच नाही. ९ मार्चला ईमेल करून प्रवेश रद्द करायला सांगितलं. नशीब, जुन्या शाळेतून दाखला काढला नव्हता, त्यामुळे तिथली जागा शाबूत आहे.

नवीन शाळेचं उत्तर चार ओळींचं. एनरोलमेंटची रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळत नाही, फॉर्मवर तसं लिहिलेलं आहे. आणि अनामत? ती विद्यार्थ्याने शाळा सोडताना, किमान दोन शैक्षणिक वर्षं पूर्ण केल्यावर मिळते. म्हणजे अनामत परत हवी तर मुलीने आधी दोन वर्षं तिथे शिकायला हवं! हे वाचून मी पहिल्यांदा हसले आणि मग रडायलाच आलं.

फॉर्मच्या तळाशी ती ओळ आहे, हे खरं आहे. मुंगीएवढ्या अक्षरात, पण आहे. सत्र सुरू व्हायच्या आधी, एक दिवसही वर्गात न बसता रद्द केलं तरी सगळे पैसे बुडाले असंच समजायचं का? आणि मागायचे तर कोणाकडे? त्या काउन्सेलरने आता माझा फोन उचलणं बंद केलंय.

---

ठोकताळा:

सही केलीत ना? मग विषय संपला. हॉटेलचं बुकिंग करताना नॉन-रिफंडेबल वाचतो आपण, लेकराच्या शाळेचं वाचत नाही.

वर्तकनगरची:

सही केली हे पहिल्याच वाक्यात सांगितलंय. पुढचं विचारतेय.

पारसिकची_टेकडी:

ताई, घाबरू नका, यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) नियम आहे. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी रद्द केलं तर पूर्ण फी परत, फार तर ५ टक्के कापता येतात आणि तेही ५,००० च्या वर नाही. माझ्या भाच्याला इंजिनिअरिंगला असेच मिळाले.

वकिलीणबाई:

भाच्याला मिळाले कारण तो कॉलेजात होता. यूजीसीचं ते २०१८ चं परिपत्रक विद्यापीठं आणि महाविद्यालयांसाठी आहे, पाचवीच्या वर्गाला लागू नाही. पत्रात ते लिहिलंत तर शाळेचा वकील तेवढंच धरून बसेल आणि बाकीचं पत्र बाजूला पडेल. बाकी सविस्तर रात्री लिहिते, आत्ता कोर्टात आहे.

कारकून_नंबर_दोन:

मी नवी मुंबईतल्या एका शाळेच्या अकाउंट्समध्ये नऊ वर्षं काढलीत (ही नव्हे), म्हणून आधी दुसरी बाजू. एकेक पालक तीन-तीन शाळांत सीट धरून ठेवतात आणि एप्रिलमध्ये दोन सोडतात. आम्ही जानेवारीत तुकड्या ठरवायचो, त्यावर शिक्षक नेमायचो, बसचे रूट लावायचो. फुकटात सोडता आलं तर कोणीही शेवटपर्यंत सांगत नाही. त्यामुळे काहीतरी कापणं मला गैर वाटत नाही. पण काहीतरी आणि सगळंच यात फरक आहे, आणि अनामत अडकवून ठेवणं हा शुद्ध आगाऊपणा आहे. अनामत कशाची? पुस्तक हरवलं, काच फुटली त्याची. जी मुलगी आलीच नाही तिने काच कशी फोडली?

आता कामाचं. पावत्या किती आहेत? नीट बघा आणि इथे सांगा: पावतीवर सर्वात वर कोणाचं नाव आहे, आणि रकमेच्या खाली काय काय ओळी आहेत. शाळेचं नाव झाका, बाकी जसं आहे तसं लिहा.

वर्तकनगरची:

काका, तुम्ही म्हणालात म्हणून फाइल काढली. पावत्या तीन आहेत. १,५०० आणि २५,००० च्या पावत्यांवर ट्रस्टचं नाव आहे, शाळेचा शिक्का आहे. ५०,००० च्या पावतीवर ट्रस्ट नाहीच! कुठल्याशा 'प्रायव्हेट लिमिटेड'चं नाव आहे, पत्ता वाशीचा. लिहिलंय असं:

सीट रिझर्व्हेशन व ऑनबोर्डिंग सेवा: ४२,३७२.८८
सीजीएसटी ९ टक्के: ३,८१३.५६
एसजीएसटी ९ टक्के: ३,८१३.५६

लोगो तोच असल्यामुळे इतके महिने मी हे पाहिलंच नव्हतं.

कारकून_नंबर_दोन:

वाटलंच होतं.

शाळेने विद्यार्थ्याला दिलेल्या शिक्षणावर, पूर्वप्राथमिक ते बारावी, जीएसटी नाही. शाळेच्या फीच्या पावतीवर ती ओळ येतच नाही. इथे आलीय, म्हणजे हे ५०,००० त्यांनी स्वतःच शाळेची फी म्हणून घेतलेले नाहीत, एका कंपनीने 'सेवा' विकली म्हणून घेतलेत. सरकारला दाखवताना सेवा आणि तुम्ही मागायला गेलात की शाळेचं धोरण, असं दोन्हीकडून कसं चालेल?

ही पावती जपा. मूळ कागद कोणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्स द्या.

ठोकताळा:

हे मात्र भारी निघालं. माझा पहिला प्रतिसाद थोडा मागे घेतो. थोडाच.

वकिलीणबाई:

आता लिहिते. लांब होईल.

सहीबद्दल आधी. सही केली म्हणजे वाट्टेल तेवढी रक्कम जप्त करता येते असं नाही. करार कायदा, १८७२ चं कलम ७४ सांगतं की करार मोडल्यावर समोरच्याला वाजवी भरपाई मिळते, करारात लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात म्हटलं की नुकसान दाखवता येण्यासारखं असेल तर ते दाखवावंच लागेल. तिथे बयाणा जप्त केला आणि तोच भूखंड नंतर कितीतरी चढ्या भावाने विकला, मग नुकसान कसलं? ते प्रकरण जमिनीचं होतं आणि चूकही प्राधिकरणाचीच निघाली होती, त्यामुळे ते तुमच्यावर जसंच्या तसं बसत नाही. पण प्रश्न तोच आहे: तुमची सीट पुढे दुसऱ्याला दिली का? 'दोनच सीट्स' होत्या तर ती एव्हाना भरली असणार. नसेल भरली तर दोनच होत्या हे खोटं. काउन्सेलरचे ते तीन मेसेज पुसू नका.

ग्राहक आयोगाबद्दल लोक घाईने सल्ला देतात, म्हणून स्पष्ट लिहिते. शाळा-कॉलेजं ग्राहक कायद्याखाली येतात का यावर निकाल बहुतेक शाळांच्या बाजूचे आहेत. पी. टी. कोशी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये शिक्षणसंस्था 'सेवा' देत नाहीत असं म्हटलं, आणि २०२० मध्ये राष्ट्रीय आयोगाच्या मोठ्या पीठानेही मनू सोळंकी प्रकरणात तोच कल ठेवला, खाजगी क्लासेस मात्र त्यातून वगळले. फक्त शाळेविरुद्ध गेलात तर पहिल्याच तारखेला हे निकाल पुढे येतील. पण कंपनी स्वतःला शिक्षणसंस्था कशी म्हणवणार? तिने तर पावतीवरच 'सेवा' लिहून दिलंय. म्हणून सामनेवाले दोघं करा, पन्नास हजारांसाठी कंपनी, पंचवीससाठी ट्रस्ट. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात शुल्क नाही. अर्ज ऑनलाइन होतो.

दुसरी बाजू शिक्षण कायद्याची. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर ठरते आणि फलकावर लावावी लागते, बोर्ड कुठलंही असो. त्या यादीत ही 'सीट रिझर्व्हेशन' आहे का, हे लेखी विचारा. नसेल, तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ वाचा: जाहीर केलेल्या फीव्यतिरिक्त घेतलेली देणगी, वर्गणी किंवा रक्कम म्हणजे कॅपिटेशन फी, दंड घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत. पहिल्याच पत्रात हे तोंडावर मारू नका. फक्त यादी मागा, ती का मागितली हे त्यांना कळतं. सरकारच्या विभागीय शुल्क नियामक समितीकडे एकटीने जाऊ नका, २०१८ च्या दुरुस्तीनंतर तिथे किमान २५ टक्के पालक लागतात.

कळवा_खाडीपार:

एक भूगोलाचा मुद्दा. खारघरला आपण नवी मुंबई म्हणतो, पण सरकारी कागदावर ते पनवेल महापालिका, जिल्हा रायगड. ठाण्याच्या शिक्षणाधिकाऱ्याकडे गेलात तर ते तुम्हाला अलिबागला पाठवतील. मी असाच एक दिवस घालवलाय, वेगळ्या कामासाठी. प्राथमिक शिक्षणाधिकारी, रायगड जिल्हा परिषद, अलिबाग यांच्या नावे पत्र आणि प्रत शिक्षण उपसंचालक, मुंबई विभाग, चर्नी रोड. स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा.

ग्राहक तक्रारीसाठी मात्र अलिबाग गाठायची गरज नाही ना?

वकिलीणबाई:

नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ठाण्यातच करा. त्याआधी १९१५ ला (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन) फोन लावून नोंद करा, काही कंपन्या तेवढ्यानेच बोलायला लागतात.

आजीचा_डबा:

आम्ही अशाच प्रकारात घोडबंदरच्या एका प्लेस्कूलमध्ये ४०,००० घालवले. भांडलो नाही, कंटाळा केला. तुम्ही भांडा. वाचतेय.

वर्तकनगरची:

सगळ्यांचे आभार. इथे विचारल्यापासून तीन आठवडे झाले, म्हणून कळवते.

पत्र कारकूनकाकांच्या सांगण्याप्रमाणे एक पानी केलं. त्यात आधी तीन गोष्टी मागितल्या: अनामत, मान्य झालेल्या फीची यादी, आणि आमची सीट भरली का याचं उत्तर. ५०,००० पैकी पाच हजार प्रक्रियेचा खर्च म्हणून ठेवून बाकी द्या असंही लिहिलं, कारण तुकड्या आणि बसरूटचं ते म्हणणं मला पटलं होतं. एक प्रत शाळेला, एक वाशीच्या पत्त्यावर. नवऱ्याने आग्रहाने २५,००० आणि ५०,००० च्या पावत्यांच्या झेरॉक्स एकाच पानावर शेजारी-शेजारी काढून जोडल्या. न बोलता सांगायची ती त्याची पद्धत आहे.

आठव्या दिवशी २५,००० खात्यात जमा झाले. दोन वर्षं शिकायची अट कुठे गेली ते विचारलं नाही. यादीबद्दल आणि सीटबद्दल अवाक्षर नाही. १९१५ ला नोंद केली, त्यानंतर चार दिवसांनी कंपनीतून एका गृहस्थांचा फोन आला, अगदी गोड बोलत होते. पैसे परत देत नाही, पण पूर्ण ५०,००० ची 'क्रेडिट नोट' देतो, पुढच्या सत्रात ॲडमिशन घ्याल तेव्हा वापरा.

आणि इथे मी परत अडकलेय. डिसेंबरमध्ये खरंच ताबा मिळाला तर पुढच्या एप्रिलला आम्हाला खारघरमध्ये शाळा लागणारच आहे, आणि शाळा तशी वाईट नव्हती. मुलीला ती लायब्ररी आवडली होती. घरात दोन पक्ष पडलेत. सासूबाई म्हणतात घेऊन टाक, हातचं सोडू नये. नवरा म्हणतो, ज्या बिल्डरने मार्चचा डिसेंबर केला त्याच्या भरवशावर आणखी पन्नास हजार कशाला ठेवायचे?

क्रेडिट नोटचा मसुदा काल ईमेलने आलाय. 'पुढील सत्रात जागा उपलब्ध असल्यास' असं आहे, त्या वेळची वाढीव फी लागू राहील असंही आहे, आणि ही नोट स्वीकारल्यावर आधीच्या रकमेबद्दल कोणतीही तक्रार करणार नाही असं एक वाक्य मधेच घुसवलंय. तळाशी तीच जुनी ओळ, तेवढ्याच बारीक अक्षरात. आणि त्याच्याखाली सहीची जागा.

वकिलीणबाई, ते तक्रारीचं वाक्य खोडून आणि जागेची लेखी हमी घेऊन सही करावी, की सरळ ठाण्यात अर्ज टाकावा? त्यांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिलीय.

वकिलीणबाई:

शुक्रवार त्यांचा, तुमचा नाही. तुमच्या तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षं आहेत. मसुदा मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सही करू नका.