गावाकडच्या 20 घरांना ज्वारीचं सुधारित बियाणं द्यायचंय, कुठलं देऊ?

माणदेशी_पुण्यात:
नमस्कार मंडळी. गाव माण तालुक्यात, मी पुण्यात नोकरीला. आम्ही चार-पाच मित्रांनी पैसे गोळा केलेत, रब्बीला गावातल्या 20 गरीब घरांना चांगलं बियाणं द्यायचं म्हणतोय. सगळे कोरडवाहू, एक-दोन एकरवाले, घरचीच मालदांडी ज्वारी वर्षानुवर्षं पेरतात आणि दाणा बारीक पडायला लागलाय असं वडील म्हणतात. दुकानदार म्हणतो हायब्रीड न्या, उतारा दुप्पट. न्यावं का? एकरी किती लागतं?

कोरडवाहू_बार्शी:
दुकानदाराला विचार तो स्वतः कुठल्या ज्वारीची भाकरी खातो. हायब्रीड दिलंस की दरसाल विकत घेणं आलं, सुधारित वाणाचं बी घरी धरता येतं. पण आधी जमिनी विचार. राहुरी विद्यापीठानं जमिनीच्या खोलीप्रमाणं वाण काढलेत, हलक्या मुरमाड रानाला फुले अनुराधा, मध्यमला सुचित्रा, भारी काळीला वसुधा, आणि रेवती पाणी असेल तरच. सगळ्यांना एकच वाटलंस तर निम्म्यांचं वाटोळं. एकरी 4 किलो बास. किलोभर बियाला 4 ग्रॅम गंधक चोळ म्हणजे काणी (कणसात काळी भुकटी होणारा रोग) येत नाही.

सांगोल्याची_लेक:
दादा, घरातल्या बायकांनाही विचारा. भाकरी थापताना चिरते का, कडबा गुरं आवडीनं खातात का. दोन जनावरं असलेल्या घरात दाण्याइतकीच कडब्याची किंमत, दुष्काळात तर जास्तच.
आणि वेळेत द्या हो. आमच्याकडं एका साली फुकटचं मिनीकिट (बियाची छोटी सरकारी पिशवी) आलं ते पेरण्या उरकल्यावर. औषध लावलेलं लालभडक बी, दळता येईना की कोंबड्यांना टाकता येईना, सासऱ्यांनी पिशवी माळ्यावर टाकली ती अजून तिथंच आहे.

माणदेशी_पुण्यात:
कडब्याचं डोक्यातच नव्हतं ताई. मग मालदांडी बंदच करायची का?

कोरडवाहू_बार्शी:
बंद कशाला? मालदांडी 35-1 ही पण मोहोळला गावरान ज्वारीतनं निवडून काढलेलीच की, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 ला जीआय (त्या गावच्या मालाचं सरकारी मानांकन) मिळालंय, उगं नाही. अर्धा एकर नवीन, शेजारी घरची, एकाच दिवशी एकाच पाभरीनं (पेरायच्या अवजारानं) पेरा, म्हणजे दोन्हीतला फरक दिसंल. 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर, फार आधी पेरलं तर खोडमाशी (कोवळा पोंगा खाणारी कीड), उशीर केला तर ओल उडून जाते.

परभणीचा_पाव्हणा:
फुकट वाटू नका, माणूस फुकटचं बी जपत नाही (हे कडू वाटंल पण आहे). सवाईनं द्या, 2 किलो द्यायचं, सुगीला अडीच घ्यायचं. 20 घरांचं 50 किलो झालं की पुढच्या साली 25 घरं. पाऊस हुकला तर त्या साली मागायचं नाही, हे आधीच बोलून ठेवा.
आणि पिशवी कितीही भारी असली तरी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघा, 75 च्या खाली आली तर वाटूच नका. आमच्याकडं 17 सप्टेंबरला विद्यापीठात रब्बी मेळावा असतो, परभणी मोती या ज्वारीचं बी तिथनंच नेतो आम्ही, पण तुम्हाला सोलापूरचं कोरडवाहू संशोधन केंद्र जवळ पडंल.

माणदेशी_पुण्यात:
वडिलांना फोन लावला. 20 पैकी 13 जणांची रानं मुरमाड निघाली, म्हणजे अनुराधाच जास्त लागणार. सवाईचं ऐकून ते म्हणाले आमच्या आज्ज्यापासनं असंच होतं, मधेच बंद पडलं. ते गंधक कुठल्याही दुकानात मिळतं का?

कोरडवाहू_बार्शी:
मिळतं. 300 मेशचं, म्हणजे अगदी बारीक भुकटीचं माग. 40 किलोला 160 ग्रॅम लागतंय, पाव किलोचा पुडा घेऊन टाक.